लॉटरीचा गल्ला म्हणजे सरकारचं उत्पन्न नव्हे

यंत्रमागवाला

महाराष्ट्राने केरळसारखी लॉटरी जोरात चालवावी, हजारो कोटी मिळतील, असं हल्ली वारंवार ऐकतो. पुरावा म्हणून केरळचा आकडा पुढे केला जातो: 2023-24 मध्ये 12 हजार कोटींच्या वर. पण तो विक्रीचा आकडा आहे. सगळा गल्ला म्हणजे नफा असं आपल्या किराणा दुकानदाराबद्दल कोणी म्हणेल का?

50 रुपयांचं तिकीट धरा. सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 40 टक्के, तो छापील किमतीतच. म्हणजे 14 रुपये 29 पैसे आधीच गेले. उरलेल्या 35 रुपये 71 पैशांतून बक्षिसं, एजंटाचं आणि विक्रेत्याचं कमिशन, छपाई, जाहिरात. हे सगळं भागवून राहील तो नफा. तिजोरीत थोडे पैसे यावेत म्हणून लोकांच्या खिशातून त्याच्या कितीतरी पट काढायचे, असा दुसरा महसूल मला तरी माहीत नाही.

आणि खिसा कोणाचा? इचलकरंजीत माझे मामा यंत्रमागावर कामाला होते. ऑनलाइन लॉटरीची दुकानं आली तेव्हा आठवड्याचा पगार हातात पडला की घराआधी तिकडे. मामीने मंगळसूत्र गहाण ठेवलं ते आजवर सुटलं नाही. त्या पैशाला मी महसूल म्हणू शकत नाही.

कोचीतला कोल्हापूरकर

मामांचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, तुम्ही दोन वेगळे धंदे एका दोरीत बांधताय. ऑनलाइन लॉटरीची ती मिनिटामिनिटाला सोडत काढणारी यंत्रं आणि केरळची कागदी तिकिटं यांत फरक आहे. इथे 1967 मध्ये अर्थमंत्री पी. के. कुंजू यांनी ही योजना सुरू केली. एक रुपयाचं तिकीट, पहिलं बक्षीस 50 हजार, आणि पहिली सोडत 26 जानेवारी 1968 ला.

2011 मध्ये 'कारुण्य' लॉटरी निघाली. त्या पैशातून कर्करोग, हृदय, मूत्रपिंडाच्या गरीब रुग्णांना मदत मिळू लागली. माझ्या शेजारच्या रिक्षावाल्याचं डायलिसिस त्यातूनच झालं. त्याला जाऊन सांगा, हा महसूल वाईट आहे म्हणून.

जमाखर्च

हा धागा सुरू करणाऱ्या यंत्रमागवाल्यांची एक चूक आधी दुरुस्त करतो. जीएसटीचे 14 रुपये 29 पैसे 'गेले' नाहीत. राज्यातच विकल्या गेलेल्या तिकिटावर त्यातला निम्मा वाटा राज्याचाच असतो. नफ्यात तो मिळवला तर राज्याच्या हाती येणारी रक्कम तुम्ही दाखवता त्यापेक्षा बरी दिसते. मोठ्या बक्षिसावर 30 टक्के आयकर कापला जातो, तो मात्र केंद्राचा.

आता कोल्हापूरकरांना. रुग्णाला मदत मिळाली ही चांगलीच गोष्ट. पण पैशावर नाव लिहिलेलं नसतं. लॉटरीचे शंभर कोटी आरोग्याला दिले आणि अर्थसंकल्पातून आरोग्याचेच शंभर कोटी हळूच दुसरीकडे वळवले, तर रुग्णाला काय जास्त मिळालं? म्हणून 'लॉटरीच्या पैशातून' या शब्दांवर थांबू नये, आरोग्याची एकूण तरतूद किती वाढली ते पाहावं. आणि उपचार हा हक्काचा असेल, तर त्याचा खर्च सगळ्यांच्या करातून यावा, तिकीट घेणाऱ्या रिक्षावाल्याकडून का?

स्टॉलवालीची मुलगी

इथे सगळे राज्याच्या तिजोरीबद्दल बोलतायत, म्हणून लिहिते. माझ्या आईच्या पायाला पोलिओ. एसटी स्टँडबाहेर तिचा 26 वर्षं तिकिटांचा स्टॉल आहे. मी त्यावर शिकले. ज्याला तुम्ही वरच्या हिशोबात 'खर्च' म्हणालात, ते कमिशन म्हणजे आमच्या घरचा किराणा.

दिवाळी बंपरचं, म्हणजे सणाच्या मोठ्या सोडतीचं, तिकीट वर्षातून एकदा घेणारे मास्तर आणि रोज आकडा लावणारा माणूस एक नव्हे. स्टॉल बंद केला तर तो दुसरा माणूस घरी बसणार नाही, मटक्याकडे जाईल. तिथे ना सोडत उघड्यावर, ना पावती, ना कर. आपल्याकडे 1969 मध्ये राज्य लॉटरी आली तेव्हा मुंबईत मटका जोरात होता, हे विसरू नका.

यंत्रमागवाला

ताई, तुमच्या आईंच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. जीएसटीची चूकही मान्य, हिशोब सुधारून घेतो. पण सरकारने धंदा वाढवावा का, हा माझा प्रश्न तिथेच राहतो.

कोल्हापूरकर, 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत काढता येते. तुमच्याकडे मंगळवारी स्त्री शक्ती, गुरुवारी कारुण्य प्लस, शनिवारी कारुण्य. नावं वेगळी ठेवली की कायदा पाळला जातो आणि सोडत रोज होते. महसुलाची चटक लागली की सरकारही असंच वागतं, ही भीती मला आहे. रोज 50 रुपये म्हणजे महिन्याला दीड हजार. पन्नास हजार पगारवाल्याला ते जाणवतही नाहीत, बारा हजारवाल्याच्या घरात तेवढ्यात महिन्याचं धान्य येतं.

शिवाय आपल्या राज्यापुरता एक मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं की जे राज्य स्वतः लॉटरी चालवत नाही, त्यालाच परराज्याची तिकिटं बंद करता येतात. तमिळनाडूने 2003 मध्ये सगळीच बंद केली, कर्नाटकने 2007 मध्ये. आपण स्वतःची चालवतो म्हणून परराज्यांना दार उघडं. आपल्या मजुराच्या पैशातून दुसऱ्या राज्याची तिजोरी भरते. हे नुकसान आपल्या नफ्यातून कोणी वजा करतं का?

कोचीतला कोल्हापूरकर

हा 1999 चा मुद्दा मला ठाऊक नव्हता, वजनदार आहे. रोजच्या सोडतीबद्दलही मी फार भांडणार नाही. तरी बंदी नको. वर्षाचे मोजके बंपर ठेवा, आणि नफ्याचा जमाखर्च विक्रीच्या आकड्याशेजारी छापा.

स्टॉलवालीची मुलगी

मोजके बंपर ठेवले तर आई उरलेले महिने काय विकणार, तेही लिहा. तिचं वय 58 आहे.