मदत हवी आहे: आईसाठी (७४) अंग हलवून खेळायचा व्हिडिओ गेम

पाऊस लागला की आईचं तलावपाळीचं फिरणं बंद होतं. मग दिवसभर खुर्ची आणि मालिका. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो.

भाच्याच्या निन्टेंडो स्विचवर (गेम खेळायचं यंत्र) बोलिंग लावून पाहिलं. आवडलं तिला, चक्क भाच्याला हरवलं! पण हात फिरवताना बटण दाबून धरायचं राहून जातं, मग चिडते. त्यावरचा रिंग फिट हा व्यायामाचा गेमही पाहिला. त्यात जागच्या जागी धावायचं, आणि सायलेंट मोड (पावलांचा आवाज होऊ नये म्हणून) लावला तर धावण्याऐवजी स्क्वॉट. म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय. यूट्यूबवरचे व्यायाम दोन दिवसांत कंटाळून सोडले. गुण मिळत नाहीत म्हणे.

फिजिओथेरपिस्टना विचारलंय: उभं राहून, शेजारी खुर्ची ठेवून चालेल, उड्या आणि गिरक्या नकोत. बीपी गोळीने आटोक्यात आहे. हॉल दहा बाय बारा, टीव्हीला एचडीएमआय आहे, बजेट पंधरा हजार. इंग्रजी मेनू मी लावून देईन, पण दुपारी ती एकटीच असते, त्यामुळे एकटीने खेळण्यासारखं हवं.

हातात काहीच धरावं लागत नाही म्हणून एक्सबॉक्स ३६० हे गेमचं यंत्र आणि त्याचा किनेक्ट (शरीराच्या हालचाली टिपणारा कॅमेरा) सेकंडहँड घ्यावं असं मनात आहे. पण किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं, शिवाय त्याला समोर सहा फूट मोकळी जागा लागते. सोफा सरकवला की तेवढी होते.

घरातल्या ज्येष्ठांसाठी कुणी किनेक्ट वापरलंय का? शेजारी खुर्ची असली तर ते माणूस नीट ओळखतं का? आणि पावलं टाकता टाकता लक्षातही ठेवावं लागेल, असा त्यावरचा कोणता खेळ घ्यावा?