शब्दचर्चा: डास आय, डी आयर

विचारणा: जर्मन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. 'आय' म्हणजे अंडे. कोशात या शब्दापुढे 'डास. -[ए]स, -अर' एवढेच दिले आहे. हे कसे वाचायचे? आणि चारही विभक्त्यांत हा शब्द कसा चालतो?

उत्तर: कोशातल्या त्या एका ओळीत तुम्हाला हवे ते जवळजवळ सगळे आहे. 'डास' म्हणजे नपुंसकलिंग. त्यापुढचा 'स' किंवा 'एस' हा षष्ठी एकवचनाचा प्रत्यय आणि शेवटचे 'अर' हे अनेकवचन. म्हणजे डास आय, डेस आयेस, डी आयर. बाकीची रूपे यांवरूनच निघतात.

एकवचन असे चालते: प्रथमा डास आय, द्वितीया डास आय, चतुर्थी डेम आय, षष्ठी डेस आयेस. अनेकवचन: डी आयर, डी आयर, डेन आयर्न, डेर आयर. (शेवटचा र लिहितात, पण बोलताना तो विरघळतो. 'आयर' कानाला 'आया'सारखे लागते.)

आता हे मराठीशेजारी ठेवून पाहा. अंडे, अंड्याला, अंड्याचा, अंडी, अंड्यांना. आपल्याकडे विभक्तीचा भार नाम स्वतः वाहते. आधी सामान्यरूप होते, मग प्रत्यय लागतो. जर्मनमध्ये तो भार नामाआधीच्या उपपदावर (डास, डेम, डेस यांवर) असतो, नाम बहुतेक वेळा जागचे हलत नाही. 'आय' हे नाम एकवचनात फक्त षष्ठीत बदलते आणि अनेकवचनात फक्त चतुर्थीत. म्हणून नुसते 'आय' पाठ करून काहीच हाती लागत नाही. 'डास आय, डी आयर' अशी जोडीच तोंडात बसायला हवी.

चतुर्थी अनेकवचनातला तो 'न' मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपा आहे. अंड्याला – अंड्यांना, मुलाला – मुलांना: अनेकवचन आले की आपल्या सामान्यरूपावर अनुस्वार चढतो. जर्मन चतुर्थीतही अनेकवचनाला असाच अनुनासिक चिकटतो: मिट डेम आय, मिट डेन आयर्न. दोन्हींचे मूळ वेगळे आहे, नाते जोडू नका, पण खूण म्हणून फार उपयोगी. अनेकवचन आधीच 'न'ने संपत असेल (बटाटे, डी कार्टोफेल्न) किंवा 'स'ने संपत असेल (डी पिझ्झास), तर काही लागत नाही.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. अंडे आणि मीठ दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघतात, तेवढ्याने मन निर्धास्त होते. पण दूध आणि लोणी आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे डी मिल्श, डी बुटर, दोन्ही स्त्रीलिंगी. साखर आपली स्त्रीलिंगी, त्यांची डेर त्सुकर, पुल्लिंगी. बटाटा आपला पुल्लिंगी, त्यांची डी कार्टोफेल. आपल्या भाषेत तीन लिंगे असल्याचा खरा फायदा वेगळाच आहे: निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि विशेषण त्याच्यामागे जाते, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

'-अर' या अनेकवचनाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तो या शब्दाचा सर्वांत सुंदर भाग आहे. संस्कृतात मनस्, तेजस् अशी सकारान्त नपुंसकलिंगी नामे आहेत. जर्मानिक भाषांतही (जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या भाषांत) असा एक वर्ग होता. एकवचनात तो शेवटचा सकार झिजून गेला, अनेकवचनात टिकला आणि कालांतराने त्याचा 'र' झाला. जुन्या उच्च जर्मनमध्ये, म्हणजे जर्मनच्या सर्वांत जुन्या लिखित रूपात, 'आय'चे अनेकवचन 'आयगिर' असे होते. कोकरू, वासरू, कोंबडी हे शब्दही त्याच गटातले: लाम – लेमर, काल्प – केल्बर, हून – ह्यूनर. गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या या शब्दांमधून हा प्रत्यय पुढे मूल, घर अशा नामांपर्यंत पसरला: किंडर, हॉयझर. विद्यार्थ्याला यातून एक पक्का नियम मिळतो: ज्याचे अनेकवचन '-अर' लावून होते ते नाम स्त्रीलिंगी नसते. बहुधा नपुंसकलिंगी, क्वचित पुल्लिंगी.

विभक्त्या पाठ करायला तक्त्यापेक्षा वाक्प्रचार बरे. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोघांना 'वी आइन आय डेम आन्डरन' म्हणतात, म्हणजे एक अंडे दुसऱ्यासारखे. एवढ्याशा तुकड्यात प्रथमा आणि चतुर्थी दोन्ही आल्या. एखाद्याला फार जपून वागवणे म्हणजे 'वी आइन रोएस आय' वागवणे, कच्च्या अंड्यासारखे. ही द्वितीया, आणि 'रो' या विशेषणाला लागलेला 'एस' नपुंसकलिंगाची साक्ष देतो. नीटनेटका, चापूनचोपून कपडे घातलेला माणूस 'वी आउस डेम आय गेपेल्ट', जणू अंड्यातून सोलून काढलेला. 'आउस'पुढे नेहमी चतुर्थी. एखादी गोष्ट तितकीशी खास नसेल तर ती 'निश्ट डास गेल्बे फॉम आय', अंड्यातला पिवळा भाग नव्हे. इथे षष्ठीच्या जागी 'फोन डेम'चे 'फॉम' झाले आहे. बोलण्यात षष्ठी अशीच मागे पडते.

लिहिताना षष्ठीत 'डेस आयस' आणि 'डेस आयेस' दोन्ही शुद्ध आहेत. मी दुसरे सुचवेन, कारण 'आयस' म्हणजे बर्फ किंवा आइसक्रीम असा स्वतंत्र शब्द आहे, तोही नपुंसकलिंगी. त्याची षष्ठी 'डेस आयझेस'.

आणखी एक विचारणा: पाककृतीत 'ड्राय आयगेल्प' असे वाचले. तीन पिवळे बलक, मग अनेकवचन का नाही? आणि आम्ही अंडे खात नाही, तर पाकिटावर नेमके काय पाहायचे?

उत्तर: 'आयगेल्प'चे अनेकवचन 'आयगेल्बे' असे आहेच. पण पाककृतीत संख्येपुढे तो शब्द मापासारखा वापरतात, म्हणून तसाच राहतो. पांढऱ्या भागाचा शब्द 'आयवाइस', त्याचेही तेच.

पाकिटाबाबत मात्र नीट लक्ष द्या. 'आयवाइस'चा दुसरा अर्थ प्रथिने. पोषणमूल्यांच्या तक्त्यात तो शब्द दुधाच्या आणि मसुराच्या पाकिटावरही असतो, त्याचा अंड्याशी संबंध नाही. पाहायची ती घटकांची यादी. त्यात 'आय', 'फोलआय', 'आयगेल्प', 'आयक्लार' किंवा 'ह्यूनरआयवाइस' असेल तर अंडे आहे. ॲलर्जीकारक घटक यादीत ठळक दिसतील असे छापणे युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही. खाली कधी 'कान श्पूरेन फोन आय उन्ट न्युसेन एन्टहाल्टेन' अशी ओळ असते: अंडे आणि सुकामेवा यांचा अंश असू शकतो. 'फोन'मुळे दोन्ही शब्द चतुर्थीत आहेत. 'न्युसे'ला अनेकवचनाचा 'न' लागलेला दिसतो. 'आय' एकवचनी आणि उपपदाविना आहे, म्हणून चतुर्थी असूनही ती दिसत नाही.

बेकरीत विचारायचे असेल तर 'इस्ट डा आय ड्रिन?' एवढे पुरे. केक मागताना 'ओने आय' म्हणा. 'ओने'पुढे द्वितीया, पण इथेही रूप तेच.