मदत हवी आहे : 'कुड' की 'वॉज एबल टू'?

नमस्कार मंडळी. दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवते. परवानगीचं 'कॅन' आणि 'मे', शक्यतेचं 'माइट', इथवर मुलं छान येतात. गाडी अडते ती भूतकाळातल्या क्षमतेवर. 'लहानपणी मला झाडावर चढता यायचं' इथे 'कुड' चालतं. पण 'काल धावत जाऊन शेवटची एसटी पकडू शकलो' म्हणायचं तर 'आय कुड कॅच' चालत नाही, 'वॉज एबल टू कॅच' किंवा 'मॅनेज्ड टू कॅच' लागतं. नकारात मात्र 'कुडन्ट' दोन्हीकडे बिनदिक्कत चालतं! 'सी', 'हिअर' या क्रियापदांनाही ही अट नाही.

नुसता नियम घोकून घेणं मला पटत नाही. नकाराला ही सूट का, हे मुलांना सोप्या मराठीत कसं समजावता? वर्गात वापरलेली उदाहरणं असतील तर कृपया नक्की द्या, पुढच्याच आठवड्यात हा धडा घ्यायचाय.