दोन तास पुरतात, पण…
‘चिविता दी बान्योरेजोला दोन तास पुरतात ना?’ असं एकाने विचारलंय. इटलीतलं हे कड्यावरचं गाव बघायला पुरतात हो, एवढंसं तर आहे. पण दुपारी जवळच्या ओर्व्हिएतो शहरातून येऊन लगेच परत फिरलात, तर पदरात फक्त गर्दी पडते. एक रात्र राहाच. संध्याकाळी पर्यटक पांगले की चौकात दोन-चार मांजरं आणि खडीवर वाजणारी आपलीच पावलं.

सकाळी निघायची घाई न करता गावात नेणाऱ्या पुलावरून कडा नीट बघा. वर टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, आणि खाली चिकणमाती. माती पावसाने धुपते, मग वरचा दगड भेगाळून कोसळतो. १६९५च्या भूकंपानंतर तर बरेच लोक शेजारच्या बान्योरेजोत राहायला गेले. मी एका भिंतीवरून सहज बोट फिरवलं, तर टोकाला पिवळी भुकटी!

हा पूल १९६५चा आणि फक्त पायी जाण्यापुरता. चाकांची बॅग आणू नका, शेवटच्या चढाला घाम काढते (अनुभवाचे बोल). दरीतल्या पायवाटांवर अर्धा दिवस सहज जातो, पण नुकताच पाऊस झाला असेल तर नकोच. तो चिखल बूट सोडत नाही.