घरी केलेल्या धुण्याच्या पावडरीनं पांढरे शर्ट राखाडी का पडतायत?

चारकोपकर_सूनबाई:
मंडळी, आधीच सांगते, मी पर्यावरणवाली वगैरे नाही. विकतच्या पावडरीत धुणं भिजवलं की बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, म्हणून जानेवारीत हा उद्योग सुरू केला. धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या किसून, एक वाटी धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे, पहिल्या वेळी तो घोळ झाला होता) आणि अर्धी वाटी रिठ्याची भुकटी. रिठे मिक्सरमध्ये फिरवणार असाल तर नाकाला ओढणी बांधा. आमच्याकडे तिघेजण एकदम शिंकत होते.

चार महिने कपडे इतके छान निघाले की मी शेजारच्या दोघींना डबे भरून दिले. आणि आता पंधरा दिवसांपासून सासऱ्यांचे पांढरे शर्ट राखाडी, टॉवेल पापडासारखे कडक, काळ्या कुर्त्यावर पिठाचे हात पुसल्यासारखे डाग. सासरे बोलत काहीच नाहीत. काल फक्त शर्टाची कॉलर खिडकीपाशी उजेडात धरून बघत उभे होते. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

कृती तीच, प्रमाण तेच, मशीन तेच. पावडर वाढवून पाहिली तर आणखीच बिघडलं. रिठे जुने झाले असतील का?

गिरगावची_आत्या:
रिठ्याला नावं ठेवू नकोस गं. कोरड्या बरणीत ठेवलेले रिठे असे चार महिन्यांत वाया जात नाहीत. आणि भुकटी कशाला करतेस? ती शिवणीत अडकते. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, सालं अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी वीस मिनिटं उकळून कुस्करायची, फडक्यातून गाळायची. माझ्या लग्नातली पैठणी मी याच पाण्यात हलक्या हातानं काढते. रेशमाला सोडा मात्र लावायचा नाही, धागा मरतो.

हे पाणी फ्रिजमध्ये पाच-सहा दिवसच राहतं, मग आंबूस वास मारतं. आणि बाटलीवर चिठ्ठी लाव. आमच्या ह्यांनी चिंचेचा कोळ समजून आमटीत ओतलं होतं. फेस पातेल्याबाहेर आला तेव्हा कळलं.

घाईतला_माणूस:
रबरी मोजे घाला, विकतची पावडर वापरा, विषय संपला. साबण किसायला लोकांना वेळ कुठून मिळतो?

रंगखाते_निवृत्त:
ताई, दोनच प्रश्न. पंधरा दिवसांत घरातलं पाणी बदललंय का? आणि तुरीची डाळ नेहमीच्या शिट्ट्यांमध्ये शिजते का?

चारकोपकर_सूनबाई:
काका, तुम्ही ज्योतिष बघता का? गेला आठवडाभर वरणात डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे! मी वाण्याशी भांडूनही आले. पाणीकपात लागल्यापासून सोसायटी एक दिवसाआड टँकर मागवते. बोअरचं पाणी असतं म्हणे. प्यायचं आम्ही सकाळी वेगळं भरतो, बाकी सगळं टाकीचं.

रंगखाते_निवृत्त:
मग रिठे निर्दोष, वाणीही निर्दोष. 1982च्या संपापर्यंत आठ वर्षं मी गिरणीच्या रंगखात्यात होतो. तिथे पाणी तपासल्याशिवाय रंगाला हात लावत नसत, कारण जड पाण्यात ठाण ठिपक्याठिपक्याचं निघे.

शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलात ना, तेच हे. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं, म्हणजे साठवलेलं पावसाचंच. ते बरंच मऊ असतं, त्यात साबण झकास चालतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरलेलं असतं. साबण त्यांना चिकटतो आणि न विरघळणारा साका होतो. तो साका म्हणजे तुमचा राखाडी रंग. सोडा कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवतो, ती टॉवेलात बसली की टॉवेल कडक. पावडर वाढवलीत म्हणजे साकाच वाढवलात.

विश्वास ठेवू नका, करून बघा. दोन बाटल्यांत साबणाचा एकेक चिमूट कीस टाका, एकीत सकाळचं पाणी, दुसरीत टँकरचं. हलवा.

शर्टांसाठी: सकाळचं साठवलेलं पाणी गरम करा, बादलीत वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, खळबळून काढा. मग दुसऱ्या गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा. दोन्ही एकाच बादलीत नको, फसफस होते आणि दोघांचाही गुण जातो. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र नको, विषारी वायू निघतो.

टँकर चालू आहेत तोवर साबण-सोडा बंद ठेवा. रिठ्यातलं सॅपोनिन कॅल्शियमला चिकटून बसत नाही, म्हणून आत्याबाईंचं पाणी रोजच्या कपड्यांना चालेल. मात्र त्याची ताकद कमी. कॉलरवर साबण सकाळच्या पाण्यानंच घासा. आणि रिठ्यानं शर्ट दुकानातल्यासारखे पांढरेशुभ्र दिसणार नाहीत. बाजारच्या पावडरीत चकाकी आणणारी रसायनं असतात, ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड टाकतात. तुम्ही शेवटच्या पाण्यात थेंबभर नीळ घाला.

घाईतला_माणूस:
काका, मी पण अंधेरीत टँकरवरच आहे. टॉवेल कडक म्हणून मशीनवाल्याशी वाद घातला होता. बाटली हलवून बघतो.

चारकोपकर_सूनबाई:
बाटल्या हलवल्या. सकाळच्या पाण्यात चार बोटं फेस. टँकरच्या पाण्यात नासलेल्या दुधासारख्या कण्या, फेस नावालाही नाही. सासऱ्यांना दोन्ही दाखवल्या. ते इतकंच म्हणाले, "म्हणजे डाळपण."

तीन शर्टांपैकी दोन सुधारले, तिसऱ्याची कॉलर अजून मळकटच. तो ते सकाळी फिरायला जाताना घालतात. आत्या, रिठ्याच्या बाटलीवर लाल पेनानं "आमटीत घालू नये" असं लिहिलंय.

डबा दिलेल्यांपैकी एकीला सगळं सांगून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना सांगायचा धीर होत नाही. मशीन बिघडलं म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला आतापर्यंत दोनदा बोलावलंय.