शब्दचर्चा: जेरीमँडरिंग

प्रश्न:
अमेरिकेच्या राजकारणावरच्या मराठी लेखांत ‘जेरीमँडरिंग’ वारंवार येतो. कुणी त्याला ‘मतदारसंघ पुनर्रचना’ म्हणतं, कुणी ‘मतदारसंघांची मोडतोड’. मूळ अर्थ नेमका काय? आणि आपल्या ‘जेरीस आणणे’शी त्याचं काही नातं आहे का?

प्रतिसाद:
आधी सोपं उत्तर. ‘जेरीस आणणे’शी काहीही नातं नाही. जेर करणे, जेरीस येणे, जेरबंद ही सगळी फारसी ‘ज़ेर’ म्हणजे ‘खाली’ या शब्दाची मंडळी. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा. जेरीमँडरिंगमधला ‘जेरी’ मात्र हाडामांसाचा माणूस आहे: एल्ब्रिज गेरी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर, म्हणजे निवडून आलेला राज्यप्रमुख.

हा शब्द १८१२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत जन्मला. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा गव्हर्नर दरवर्षी निवडला जाई. डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाचा गेरी १८१० आणि १८११ अशा लागोपाठ दोन निवडणुका जिंकला होता. समोर फेडरॅलिस्ट पक्ष. (आजच्या डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांशी या नावांची जोडी लावू नये, फार गोंधळ होतो.) विधिमंडळही गेरीच्या पक्षाच्या हातात होतं. त्यांनी राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे, मतदारसंघ आपल्या पक्षाच्या सोयीने नव्याने आखले आणि ११ फेब्रुवारी १८१२ रोजी गेरीने त्या कायद्यावर सही केली.

एसेक्स कौंटीतला एक मतदारसंघ तर बघण्यासारखा होता. चेल्सीपासून निघून लिन, सेलम, मार्बलहेड घेत तो आत वळतो, अँडोव्हरवरून वर हेव्हरिलकडे जातो आणि थेट सॅलिसबरीपाशी समुद्राला भिडतो. मधली गावं कमानीच्या पोटात एकटी पाडलेली. मार्बलहेड हे गेरीचं स्वतःचं जन्मगाव. २६ मार्च १८१२ च्या ‘बोस्टन गॅझेट’मध्ये याच नकाशाला पंख, नख्या आणि जबडा लावून चित्र छापलं गेलं. पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या नावात गेरीचं नाव मिसळून त्या राक्षसाचं बारसं झालं: ‘गेरीमँडर’.

प्रतिप्रश्न:
म्हणजे गेरीने स्वतः निवडून येण्यासाठी सीमा वाकवल्या?

प्रतिसाद:
नाही, आणि बहुतेक लेखांत इथेच घसरगुंडी होते. गव्हर्नर अख्ख्या राज्यातून निवडला जातो. त्याच्या निवडणुकीला मतदारसंघच नसतो, मग वाकवणार काय? नव्या आखणीचा फायदा फक्त सिनेटच्या उमेदवारांना होता. तो किती झाला ते आकड्यांत पाहा. सिनेटसाठी फेडरॅलिस्टांना ५१,७६६ मतं आणि ११ जागा. डेमोक्रॅटिक-रिपब्लिकनांना ५०,१६४ मतं आणि २९ जागा. मतं कमी, जागा अडीच पटींहून जास्त!

त्याच वसंतात, त्याच मतदारांपुढे गेरी उभा होता आणि तो पडला. एक लाखाहून जास्त मतं पडली आणि फेडरॅलिस्ट केलेब स्ट्राँग दीड हजाराहूनही कमी फरकाने गव्हर्नर झाला. जिथे सीमा नव्हत्या तिथे मतदारांचा कौल जसाच्या तसा उतरला, जिथे होत्या तिथे उलटा. मला तर या शब्दाची सगळ्यात चांगली व्याख्या १८१२ चे हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले की मिळते. पुढच्या काळात फेडरॅलिस्टांनी तो कायदा रद्दही केला.

गेरीची बाजूही सांगायला हवी. त्याच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रानुसार त्याला हे विधेयक मनापासून पटलेलं नव्हतं. तरी सही त्याचीच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, १७८७ मध्ये संविधानाच्या मसुद्यावर सही करायला नकार देणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचा उपराष्ट्राध्यक्ष झालेला आणि १८१४ मध्ये पदावर असतानाच वारलेला हा माणूस. जगाच्या लक्षात राहिली ती फेब्रुवारीतली एक सही. याचं मला वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न:
मग मराठीत काय लिहावं? आमच्याकडे महापालिका निवडणुकीआधी प्रभागरचना जाहीर झाली की ‘सोयीची प्रभागरचना’ असा आरोप हमखास होतो. तोच शब्द चालेल ना?

प्रतिसाद:
‘सोयीची’ हे विशेषण अगदी नेमकं आहे, कारण हेतू त्यात येतो. नुसती ‘पुनर्रचना’ मात्र मला चालत नाही. लोकसंख्या बदलली की सीमा बदलाव्याच लागतात, जनगणनेनंतर तसं करणं योग्यच आहे. त्या कामाला आणि या लबाडीला एकच शब्द वापरला, तर प्रामाणिक अधिकाऱ्यावरही संशय बसतो. ‘मोडतोड’ही अपुरा वाटतो. जेरीमँडरिंगमध्ये तोडण्याइतकंच जोडणंही असतं: विरोधकांची मतं एका मतदारसंघात कोंबायची, म्हणजे तिथे ते प्रचंड फरकाने जिंकतात आणि बाकी ठिकाणी हरतात. नाहीतर त्यांची वस्ती चार मतदारसंघांत विखरायची, म्हणजे कुठेच बहुमत होत नाही. कोंबणे आणि विखरणे, या दोन क्रियापदांत सगळी युक्ती येते.

माझी सूचना अशी: लेखात पहिल्यांदा ‘जेरीमँडरिंग, म्हणजे मतदारसंघांची सोयीची आखणी’ असं लिहावं, पुढे ‘सोयीची आखणी’ पुरतं. अमेरिकेबद्दल असेल तर मूळ शब्द ठेवावा. प्रभागांबद्दल असेल तर ‘सोयीची प्रभागरचना’ सगळ्यांना कळते, तिथे परका शब्द आणण्याची गरज नाही. आणि वेडावाकडा आकार दिसला की लगेच हा शब्द लावू नये. नदी, घाट, जुनी तालुक्याची हद्द यांमुळेही सीमा वाकडी जाते. उलट, नकाशावर सुबक चौकोनी दिसणारा मतदारसंघही पक्का सोयीचा असू शकतो.

तिसरा प्रश्न:
उच्चाराचं काय? वर तुम्ही माणसाला ‘गेरी’ आणि शब्दाला ‘जेरी’ लिहिलंय.

प्रतिसाद:
मुद्दाम. तो आपलं आडनाव ‘गेरी’ असंच उच्चारत असे, गवतातला ‘ग’. सुरुवातीला शब्दही ‘गेरीमँडर’ होता, पुढे लोकांच्या तोंडी ‘ज’ रुळला. आता शब्द ‘ज’ने लिहावा, माणसाचं नाव ‘ग’ने. ‘एल्ब्रिज जेरी’ असं कुठे छापलेलं दिसलं तर संपादकांना जरूर कळवा.