मदत हवी आहे : क्ष-किरण चित्रात गोठलेल्या इंधनाची खरी कड कोणती मानावी?

खानापूर येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी संलयनावर (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळविण्यावर) मराठीतून व्याख्यान तयार करीत आहे. कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेझर-संलयन प्रयोगशाळेत सुमारे २ मिलिमीटर व्यासाच्या गोळीत ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांच्या) बर्फाचा थर २० केल्व्हिनच्या खाली जमवितात. हा थर क्ष-किरणांना जवळजवळ शोषतच नाही. म्हणून पृष्ठभागावरील वक्रीभवनाने उमटणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यावरून, अर्थात फेज कॉन्ट्रास्ट चित्रणाने, त्याची पाहणी होते, इथपर्यंत मला समजले आहे.

पायथॉनमध्ये क्ष-किरणांचा बिंदुस्रोत धरून फ्रेनेल विवर्तनाचे (कडेपाशी लहरी वळून पसरण्याचे) गणित मी करून पाहिले. डिटेक्टर गोळीला चिकटवून ठेवल्यास कड नाहीशी होते (हे अपेक्षितच होते), दूर नेल्यास ती ठळक होते, मात्र पट्टाही रुंदावतो. आणि स्रोताला आकार दिला की सारेच पुसट होते. माझ्याजवळ केवळ लॅपटॉप आहे, प्रयोगशाळा नाही. साध्या प्रकाशाने मोजण्याच्या पद्धती कृपया सुचवू नयेत, कारण गोळीच्या बेरिलियमच्या अपारदर्शक कवचाला त्या लागू पडत नाहीत.

तेव्हा बर्फाच्या आतील पृष्ठभागाची त्रिज्या काढताना पट्ट्याचा सर्वांत उजळ बिंदू घ्यावा, सर्वांत काळा घ्यावा, की दोहोंमधील सर्वाधिक उताराची जागा घ्यावी, आणि स्रोताच्या आकारामुळे येणारी चूक कशी वजा करावी?